ओळख परेडचा उन्हाळा

कूलर बाहेर काढायचा दिवस नागपुरात सणासारखाच असतो, फक्त पंचांगात त्याची नोंद नसते. माळ्यावरून पंप उतरतो, स्टँडला गंज किती चढला ते पाहिलं जातं, ताट्यांमधलं मागच्या वर्षीचं गवत उपसून फेकलं जातं, आणि नव्या गवतावर पहिलं पाणी पडलं की घरभर एक ओला, रानटी वास सुटतो. त्या वासानं लोकांना गाढ झोप लागते. मला लागत नाही. मनीषनगरातल्या माझ्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये, माझ्या पगारातून घेतलेल्या कूलरसमोर मी आडवी होते, आणि डोळे मिटले की खिडकीपलीकडे एक चेहरा दिसतो. माझ्या भावाचा. विशीतला प्रमोद, दातांत स्क्रू धरलेला, एका हातानं ग्रिलला लटकलेला.

आमच्याकडचा कूलर घराच्या बाहेर असतो, हे बाहेरगावच्या माणसाला सांगावं लागतं. खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर तो बसतो आणि वारा आत फेकतो. त्यामुळे त्याची दुरुस्ती करणाराही बाहेरच असतो, शिडीवर नाहीतर सज्ज्यावर. घरातल्या बाईला तो दिसतो तो खिडकीत, गजांच्या पलीकडे, छातीपासून वर. नाव कोणी विचारत नाही. पाणी हवं का, एवढं विचारलं तरी बाई चांगली म्हणायची.

आम्ही तेव्हा सक्करदऱ्याकडच्या वस्तीत राहत होतो. बाबांची गिरणी बंद पडून बरीच वर्षं झाली होती आणि गिरणीबरोबर त्यांचं बोलणंही बंद पडल्यासारखं झालं होतं. माय दालमिलमध्ये निवडायला जायची. मी बीएचा शेवटचा पेपर देऊन निकालाची वाट बघत होते. आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. हे मी आजही कुठंही सांगते, कोणाला मिरवणं वाटलं तर वाटो. प्रमोदनं दहावीनंतर शाळा सोडली, पण हात असा होता की मोटारीचा नुसता आवाज ऐकून बेअरिंग गेलं की कॉइल, हे सांगायचा. मनीषनगरात तेव्हा नवीन इमारती उठत होत्या आणि तिथली अर्धी गिऱ्हाइकं त्याची होती. कूलरवाल्याचं वर्ष म्हणजे चार महिने. त्यात जे झालं ते झालं.

मे महिन्यात सगळं नागपूर तोंडाला दुपट्टा बांधून फिरतं. पोरी, म्हातारे, दुधवाले, बँकेतले साहेब, सगळे डाकूसारखे, नुसते डोळे उघडे. आपला सख्खा मामा सिग्नलवर बाजूला उभा असला तरी ओळखू येत नाही. अशा महिन्यात, अशा शहरात, एका चेहऱ्याची ओळख पटवायचं काम सरकारनं काढलं होतं.

झालं असं की मनीषनगरातल्या एका फ्लॅटमध्ये चोरी झाली. घरचे लोक गच्चीवर झोपायला गेले होते. चोरानं खिडकीबाहेरचा कूलर सरकवला, ग्रिल वाकवली आणि आत शिरला. घरातली काकू काहीतरी घ्यायला खाली आली, तेव्हा तो खिडकीतून परत बाहेर निघत होता. तिनं त्याचा चेहरा पाहिला. गजांच्या पलीकडे, छातीपासून वर. पुढं पोलिसांनी कुठल्याशा वस्तीतला एक पोरगा धरला आणि त्याची ओळख परेड ठरली. तहसीलदारासमोर पोरांची रांग लावायची, तिच्यात त्याला उभं करायचं, आणि काकूनं हात ठेवून सांगायचं, हाच तो. रांगेतली बाकीची पोरं त्याच्यासारखीच दिसणारी पाहिजेत, असा नियम आहे. नियम चांगला आहे. पण अशी पोरं आणायची कुठून, ते नियमात लिहिलेलं नसतं.

हवालदार सकाळीच आमच्या वस्तीत आला. प्रमोद ताट्या भरत बसला होता.

"अबे, सहा-सात पोरं पाहिजेत. अशीच. बारीक, सावळी, वीस-बावीसची. चल ना बे, दस मिनट का काम है. रांगेत उभं राहाचं, चहा-पोहे खाचे, घरी याचं."

"मी जाऊन राहिलो, ताई," प्रमोद हात पुसत म्हणाला.

"काहून? तुझं काय काम तिथं?"

"उभं राहाचं काम. पहिल्यांदा कोणी नुसतं उभं राहाले बोलावून राहिलं."

मी मायकडं पाहिलं. ती म्हणाली, "जाऊ दे वं. आज त्यानं पोरं पाहिजेत म्हटलं. नाही म्हणू तर उद्या नाव घेऊन येईन."

तो गेला. दुपारच्या जेवणाला आला नाही. संध्याकाळी त्याच्यासोबत गेलेली पोरं परतली आणि आमच्या दारासमोरून बोलता बोलता गप्प होऊन पुढं गेली. काकूनं हात ठेवला होता तो प्रमोदच्या खांद्यावर.

कायद्यानं यात काही व्हायला नको होतं. रांग भरायला आणलेल्या माणसावर हात पडला तर ओळख चुकली, विषय संपला. पण ठाण्यातल्या साहेबाला केस सोडवायची होती. तो म्हणाला, बाई एवढी ठाम आहे तर या पोराचंही बघायला पाहिजे. त्या रात्री कुठं होता? मनीषनगरात तुझं येणं-जाणं कसं? खिडक्यांची तुला एवढी माहिती कशी? कूलरवाल्या पोराला हा शेवटचा प्रश्न विचारला होता. दुसऱ्या दिवसापासून प्रमोदला रोज सकाळी ठाण्यात जाऊन बाकावर बसावं लागलं. अटक नाही, सुटका नाही. ऊन उतरलं की परत पाठवत. त्याला मारलं का, हे त्यानं कधी सांगितलं नाही. माय पाठीला तेल लावते म्हणाली तर तो शर्ट काढेना.

आणि बातमी मनीषनगरात आधीच पोचली होती. ज्या घरांत त्यानं कूलर बसवले होते तिथून निरोप आले, आम्ही दुसऱ्याला सांगितलं आहे. ऐन नवतप्यात, मेअखेरच्या त्या सगळ्यांत तापलेल्या नऊ दिवसांत. त्याची सायकल भिंतीला टेकून उभी राहिली आणि त्याच्या अवजारांच्या पिशवीवर धूळ बसत गेली.

"हिरोच्या मागं उभा राहणारा एक्स्ट्रा होतो मी," तो एकदा जेवताना म्हणाला. "डायरेक्ट हिरोच केलं मले."

मग पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "तीन वर्षांपासून तिचा कूलर मीच करून राहिलो, ताई. पाण्याचा गिलास सज्ज्यावर ठेवून मागं सरकायची ती. मले हात लावला तिनं, तो त्याच दिवशी."

काकूला तो चेहरा कुठं भेटला होता ते मला त्या क्षणी कळलं. प्रमोदला केव्हाच कळलं होतं. ठाण्यात त्यानं सांगितलंही होतं. पण ते त्याच्या तोंडून कोण ऐकणार? ते वाक्य काकूनं बोलायला हवं होतं: हा आमचा कूलर दुरुस्त करणारा मुलगा आहे, मी याला त्यामुळं ओळखते. एवढंच. एका श्वासात मावतं. त्या उन्हाळ्यात आमचं सगळं घर त्या एका वाक्यासाठी अडून बसलं होतं.

आमचे इंग्रजीचे सर सदर भागातल्या एका हॉलमध्ये रविवारी सकाळी जुने पिक्चर दाखवत. मी लायब्ररीत येईनाशी झाले म्हणून त्यांनी मैत्रिणीकडून चौकशी केली, आणि झालेलं कळल्यावर निरोप धाडला: येत्या रविवारी नक्की ये, ठरलेला पिक्चर बदलतो आहे. मला राग आला. भाऊ ठाण्यात बसलेला आणि यांना पिक्चर सुचतात. तरी गेले. घरातल्या शांततेपेक्षा ते बरं होतं.

काळा-पांढरा, अमेरिकेतला, आमच्या आईबापांच्या लहानपणीचा पिक्चर. दक्षिणेकडचं एक गाव, उन्हाळा, सगळ्यांचे शर्ट घामानं भिजलेले, छताला पंखे. मागून कोणी तरी म्हणालं, "याले उकाडा म्हणते का? सत्तेचाळीस डिग्रीत या म्हणा इकडे," आणि हॉल हसला. हॉलच्या कूलरचा आवाज एवढा होता की संवाद ऐकू येईनात. सर उठले आणि विचारलं, हवा पाहिजे की पिक्चर पाहिजे? मग त्यांनी कूलर बंद केला. पुढचे दोन तास आम्ही पडद्यावरच्या लोकांसारखेच निथळत बसलो.

गोष्ट साधी. एका दुकानदाराचा खून होतो. त्याच्या गोऱ्या बायकोनं मागच्या दारातून पळणारा एक काळा माणूस पाहिला आहे. पोलीस एकाला धरतात आणि ओळख पटवायला रांग लावायची म्हणून सार्जंट रस्त्यावर जातो, बसची वाट पाहणाऱ्या चार काळ्या माणसांना बोलावून आणतो. हाताला एकेक नाणं. त्यांतला एक शाळेत शिकवणारा, इस्त्रीचा शर्ट घातलेला. बाई येते, रांगेवरून नजर फिरवते आणि बोट दाखवते ते त्या मास्तराकडं. ज्यानं त्याला बसथांब्यावरून आणलं तो सार्जंट शेजारीच उभा असतो. तो काही बोलत नाही.

मी सरांकडं पाहिलं. ते पडद्याकडं पाहत होते.

पुढं एक तपासाधिकारी आहे, थकलेला, फारसा भला नसलेला माणूस. त्याला काळ्यांचं प्रेम वगैरे काही नाही. त्याला फक्त हिशेब लागत नाही याचा त्रास होतो. ही बाई खोटं बोलत नाही, हे त्याला दिसतं. तिनं हा चेहरा खरंच पाहिला आहे. मग तो शेवटी तिला विचारतो, जे आतापर्यंत कोणीच विचारलेलं नसतं: याला आणखी कुठं पाहिलंत? ती गोंधळते. आणि मग कोर्टात, भर साक्षीत, तिला आठवतं. रांग लावली त्या सकाळी ती पोलीसठाण्याच्या पायऱ्या चढत होती. तिच्यासाठी कोणी तरी दार उघडून धरलं होतं. ती आत गेली होती, त्याच्याकडं न पाहता. दार धरणारा हाच होता. ते ती सगळ्यांसमोर सांगते.

पण त्या पिक्चरचं मोठेपण त्या रहस्यात नाही, हे मला आता कळतं. ते रांगेच्या प्रसंगात आहे. बाई बोट दाखवायच्या आधी कॅमेरा त्या पाच जणांवरून फिरतो, आणि किती हळू. एकाचा जोडा फाटला आहे, तो दुसऱ्या पायामागं लपवतो. एकाला झोप येते आहे. एक जण भिंतीवरचं घड्याळ बघतो, त्याची बस गेली असणार. खरा संशयित ओठ चावतो आहे. मास्तर कॉलर नीट करतो, कारण कोणी बघणार असेल तर आपण नीट दिसावं असं त्याला आयुष्यभर शिकवलेलं असतं. एवढा वेळ पाहिल्यावर आपल्याला त्या पाचांत काही सारखं सापडत नाही. मग कॅमेरा बाईच्या जागी जातो, तीच रांग एका झटक्यात दिसते, आणि पाचांचे चेहरे एकमेकांत मिसळून जातात. संवाद नाही, संगीत नाही. पाहणं आणि नुसती नजर टाकणं यांत किती अंतर आहे, ते त्या दिग्दर्शकानं तेवढ्यात दाखवलं आहे. मी पुढं बरीच पुस्तकं वाचली, पण ही गोष्ट मला कोणी इतक्या थोडक्यात सांगितली नाही.

पिक्चर संपल्यावर सरांनी चर्चा ठेवली होती. एक मुलगा उठून म्हणाला, अमेरिकेत रंगामुळं हे होतं, आपल्याकडं असा प्रकार नाही, इथं तर सगळेच सावळे. मला उभं राहायचं नव्हतं. पण मी गप्प बसणारी नाही. मी म्हटलं, "माझा भाऊ मागल्या आठवड्यात अशाच रांगेत उभा होता. रोज ठाण्यात बसून राहिला आहे तो."

सगळे माझ्याकडं वळले. मग एक मुलगी, अगदी मायेनं, म्हणाली, "अरे बापरे. काय केलं होतं त्यानं?"

तो प्रश्न मी अजून विसरले नाही. तिच्या मनात वाईट काही नव्हतं.

घरी आले तर माय दारात बसली होती. मी तिला पिक्चरची गोष्ट सांगितली. तिनं सगळी ऐकली आणि एवढंच विचारलं, "त्या बाईले विचारलं तवाच तिनं सांगतलं?"

"हो."

"मंग आपणबी विचारू. तू शिकली ना वं? तू जा."

दुसऱ्या दिवशी मी गेले. चांगला ड्रेस घातला, कॉलेजची पर्स घेतली. दार उघडलं ते काकूंच्या मुलानं. मी बघतच राहिले. बारीक, सावळा, वीस-बावीसचा. प्रमोदच्याच उंचीचा, केसही तसेच मागं फिरवलेले. हवालदाराला हवा होता अगदी तसा पोरगा, चोरी झालेल्या घरातच होता. त्याला कोणी रांगेत बोलावलं नव्हतं. ते कोणाच्या डोक्यातच आलं नसणार, आणि तोच सगळा मुद्दा होता.

मी निकालाची वाट बघणारी विद्यार्थिनी आहे, प्रमोदची बहीण आहे, असं सांगितलं. काकूंनी मला बसायला खुर्ची दिली. खोलीत कूलर चालू होता, कुठंही खडखड नाही, एकसारखा. माझ्या भावाच्या हातचा. मी सरळ विचारलं, "काकू, ज्याच्यावर तुम्ही हात ठेवला त्याला आधी कुठं पाहिलं होतं?"

"चोरीच्या रात्री. इथं खिडकीत."

"त्याच्या आधी? दिवसा?"

त्यांनी खिडकीकडं पाहिलं. कूलरकडं पाहिलं. मी त्यांच्या चेहऱ्यावरून नजर हटवली नाही. त्यांना आठवलं. कोणी काही म्हणो, त्यांना आठवलं. तोंड थोडं उघडं राहिलं आणि हात आपोआप पदराकडं गेला.

"अगं बाई," त्या हळू म्हणाल्या. मग आवाज बदलला. "पण मग तो तिथं कशाला उभा होता?"

"पोलिसांनी बोलावलं म्हणून."

"तेच म्हणते मी. पोलिसांनी उभं केलं म्हणजे काहीतरी असेल ना? मी काय उगाच हात ठेवला का? तो तिथं होता म्हणून ठेवला."

आतल्या खोलीतून काकांचा आवाज आला, "सही झालेली आहे. आता बदललं तर आपणच खोटे पडू. त्यांना म्हणावं, वकील लावा." मग ते बाहेर आले. माझ्याकडं पाहून जरा नरमले. "तुम्ही शिकलेल्या दिसता. तुम्हाला कळतं सगळं. तुमच्या भावाला काही होणार नाही. असलं चार दिवस चालतं."

"चार दिवस तुम्ही बसून बघता का तिथं?" मी म्हटलं.

काकू उठल्या आणि दार उघडून धरलं. मी बाहेर पडले.

त्या पिक्चरचा मला पुढं कितीतरी वर्षं राग होता. त्यातली बाई बोलते. विचारलं की बोलते. मीही विचारलं होतं, तोच प्रश्न, तेवढ्याच नीट. मला वाटायचं, या दिग्दर्शकानं मला फसवलं. मायलाही. ती नंतर बरेच दिवस म्हणायची, तू नीट विचारलं नसशील, पुन्हा जाऊन पाहा. मी गेले नाही. पिक्चरमध्ये विचारणारा पोलीस होता आणि ऐकायला कोर्ट बसलं होतं. मी खुर्चीवर टेकलेली एक मुलगी होते, जिला नकार द्यायला दार उघडलं की पुरत होतं. ही गोष्ट मायला समजावून सांगणं माझ्या बीएला जमलं नाही.

पाऊस लागल्यावर प्रमोदला ठाण्यात बोलावणं बंद झालं. कोणी सोडलं असं म्हणालं नाही, बोलावणं बंद झालं एवढंच. चोरीला गेलेले दागिने दुसऱ्याच टोळीजवळ सापडल्याचं आम्ही इकडून तिकडून ऐकलं. आम्हाला येऊन कोणी सांगितलं नाही. माझा निकाल लागला, मी पास झाले. मायनं पेढे आणले आणि दोन घरी दिले, त्याच्या पुढं नेले नाहीत. प्रमोद पुन्हा कोणाच्या खिडकीवर चढला नाही. एका कारखान्यात कूलरच्या पत्र्याच्या बॉड्या बनवतात, तिथं लागला, आणि अजून तिथंच आहे. तो बनवतो ते कूलर शहरभर खिडक्यांना लटकतात, पण ते बसवायला दुसरी पोरं जातात.

राग उतरल्यावर मी पिक्चर पुन्हा पाहिला. एकदा, मग बऱ्याचदा. आणि मला दिसलं की दिग्दर्शकानं फसवलं नव्हतं, मीच अर्धा पिक्चर सोडून आले होते. बाई कोर्टात ते वाक्य बोलते तेव्हा कॅमेरा तिच्यावर नसतोच. तो मास्तराच्या चेहऱ्यावर असतो. तिचा आवाज ऐकू येत राहतो आणि मास्तराच्या चेहऱ्यावर काहीही होत नाही. सुटका नाही, आनंद नाही. आपण दार धरलं होतं म्हणून आपला चेहरा लक्षात राहिला, हे त्याला आता कळतं आहे. शेवटच्या दृश्यात तो कुठल्याशा इमारतीच्या दाराशी येतो, मागून एक गोरी म्हातारी येते आहे. त्याचा हात दाराच्या मुठीजवळ जातो आणि मध्येच थांबतो. तिथंच पिक्चर संपतो. ज्याला हे सुचलं त्यानं कोणाला तरी आयुष्यभर जवळून पाहिलं असलं पाहिजे.

या नवतप्यात, मागल्याच आठवड्यात, मला काकू भेटल्या. मनीषनगरात राहते म्हटल्यावर कधी तरी भेटणारच होत्या. भाजीच्या ठेल्यावर, डोक्यावरून पदर, काठी. मी त्यांना ओळखलं. त्यांनी मला बराच वेळ न्याहाळलं, आणि मग चेहरा उजळला.

"तू त्या कूलरवाल्याची बहीण ना गं? आली होतीस एकदा आमच्याकडं." मग भाजीवाल्याकडं वळून, कौतुकानं, "हिचा भाऊ आमचा कूलर दुरुस्त करायचा. मी ओळखते ना त्याला. फार चांगला मुलगा. त्याच्यासारखं काम नंतर कोणी केलं नाही." आणि मला, "अजून करतो का तो? आमचा फार आवाज करतो आहे."

भाजीवाला वांगी तोलत होता. त्यानं मान हलवली.

मी पिशवी घेऊन घरी आले आणि प्रमोदला फोन केला, रविवारी ये, तुला एक पिक्चर दाखवायचा आहे. इतक्या वर्षांत मी त्याला कधी म्हटलं नव्हतं. तो आला. चाळिशी ओलांडली आहे त्यानं, केस पांढरे झाले. इंग्रजी त्याला येत नाही, म्हणून मी बाजूला बसून सांगत होते.

रांग आली तेव्हा तो पुढं झुकला. मास्तराकडं नाही, तो बाकीच्यांकडं पाहत होता.

"याचं काय झालं?" त्यानं ओठ चावणाऱ्या संशयिताकडं बोट दाखवलं.

"पुढं दाखवलं नाही."

"साहेबानं त्या धरून आणलेल्या पोराले विचारलं होतं, कुठं उभा राहातं? तो येऊन माझ्या बाजूले उभा राहिला. माझ्यासारखाच दिसे. तिचा हात माझ्यावर पडला तवा त्यानं श्वास सोडला. मले ऐकू आला." त्यानं बोट खाली घेतलं. "मीबी सोडला असता. त्याच्यावर पडता तर."

मग मी त्याला ठेल्यावरची गोष्ट सांगितली. काकू काय म्हणाल्या ते जसंच्या तसं, एक शब्द इकडंतिकडं न करता. तो टीव्हीकडंच पाहत होता. मला वाटलं त्यानं ऐकलं नाही.

"ठाण्यात सांगाचं होतं ते," तो म्हणाला. "भाजीवाल्याले सांगून काय फायदा."

कोर्टाचा प्रसंग आला. बाईचा आवाज सुरू झाला, पडद्यावर मास्तराचा चेहरा.

"आता काय म्हणून राहिली ते?"

"म्हणते, हा तो माणूस नाही. मी याला ओळखते. यानं माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं."

"सगळ्यांसमोर म्हणते?"

"सगळ्यांसमोर."

"पूर्ण म्हणते? मधात कोणी थांबवत नाही?"

"नाही. पूर्ण म्हणते."

प्रमोदनं गुडघ्यांवर हात ठेवले आणि तो ताठ बसला.

"पुन्हा लाव," तो म्हणाला.

मी मागं नेऊन पुन्हा लावला.